दोन राउटरमागे अडकलेला फाइल सर्व्हर: आधी घरचं जाळं सरळ करायचं की थेट टेलस्केल टाकायचं?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

बाबा नारदीय कीर्तन करायचे. ते गेल्यावर घरात १४० कॅसेट राहिल्या, बहुतेक सी-९०. मी आणि धाकट्या भावाने मिळून दीड वर्षात त्या सगळ्या कॉम्प्युटरवर घेतल्या, डब्ल्यूएव्हीमध्ये, एका कॅसेटला साधारण ९५० एमबी पडतात, म्हणजे सगळं मिळून १३० जीबीच्या आसपास. हे सगळं आता सांगलीच्या घरी दोन डिस्कच्या एनएएसवर (घरच्या जाळ्याला जोडलेल्या, फाइली साठवायच्या डब्यावर) आहे. आई तिथे, मी पुण्यात, ताई नाशिकला, आत्या बडोद्याला. प्रत्येकाला आपापल्या घरून ऐकता यावं एवढीच इच्छा आहे आणि तीन आठवडे झाले तरी ते जमत नाहीये.

घरात वरच्या मजल्यावर फायबरसोबत आलेला राउटर आहे, १९२.१६८.१.१. त्याची रेंज खाली येत नाही म्हणून खाली आमचा जुना वायफाय राउटर लावलाय, वरून आलेली केबल त्याच्या वॅन पोर्टात (बाहेरच्या इंटरनेटच्या भोकात). त्याने आपला वेगळा संसार मांडलाय, १९२.१६८.०.१ पासून, आणि सर्व्हर त्यात ०.५० वर. मी खालच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केला (बाहेरून आलेली जोडणी सर्व्हरकडे वळवली), डायनॅमिक डीएनएसचं, म्हणजे पत्ता बदलला तरी चालणारं नाव घेतलं, पुण्यातून उघडलं तर नुसतं गोल फिरतं आणि टाइम आउट. नंतर डोक्यात प्रकाश पडला की वाड्याचा दिंडी दरवाजा बंदच आहे आणि मी मधल्या चौकाचं दार सताड उघडून बसलोय. बाहेरून येणाऱ्याची पहिली गाठ वरच्या राउटरशी, आणि त्याला आत सर्व्हर आहे हेच माहीत नाही.

ज्याला विचारावं तो म्हणतो, टेलस्केल (लांबच्या उपकरणांना खाजगी जाळ्यात जोडणारं ॲप) टाक आणि मोकळा हो. मला हे पटत नाही. घरात दोन राउटर एकमेकांच्या मागे नॅट करतायत, म्हणजे आतले पत्ते आपल्या एका पत्त्यामागे लपवतायत, हा दोष आहे, तो तसाच ठेवून वरून पूल बांधण्यात अर्थ नाही. आधी जाळं सरळ करावं, मग एकच रस्ता नीट उघडावा, आणि तो आपल्या मालकीचा असावा. बाबांचा आवाज ऐकायला दुसऱ्या कुणाच्या खात्यावर लॉगिन का करायचं? तुमची मतं सांगा, विरोधी असली तरी चालतील.

लोखंडी पेटी

विरोधीच आहे माझं मत, आणि ठामपणे आहे. तुम्ही फॉरवर्ड केलेला पोर्ट कुठला? ५००० किंवा ५००१ असेल तर एनएएसच्या लॉगिनचं पान तुम्ही अख्ख्या जगापुढे मांडत होतात, आणि बाहेरचा राउटर आडवा आला हे तुमचं नशीब. मे २०१७ मधलं वॉनाक्राय (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आठवत असेल, ते ४४५ पोर्टावरून, म्हणजे फाइल शेअरिंगच्याच दारातून पसरलं होतं. एप्रिल २०२१ मध्ये तसंच क्यूलॉकर आलं, त्याने क्यूनॅप कंपनीच्या एनएएसवरच्या लोकांच्या फाइली पासवर्ड लावलेल्या सेव्हन-झिपमध्ये कोंबून ठेवल्या. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट. यात सापडलेल्या बहुतेकांचा गुन्हा एवढाच की डबा थेट इंटरनेटवर उघडा होता.

दोन राउटर आहेत तर असू देत. टेलस्केल आतून बाहेर जाणारी जोडणी करतं, त्यामुळे मध्ये दोन नॅट असोत की तीन, एकही पोर्ट उघडावा लागत नाही. एनएएसवर टाका, ताईच्या फोनवर टाका, वीस मिनिटांचं काम. आधी ऐकायला सुरुवात करा, जाळं सरळ करायला आयुष्य पडलंय.

घाटमाथा

धागाकर्त्यांनी एक गोष्ट तपासलेली दिसत नाही आणि ती तपासल्याशिवाय हा सगळा वाद हवेत आहे. वरच्या राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) काय दिसतो? आणि गूगलवर 'व्हॉट इज माय आयपी' विचारल्यावर काय दिसतो? दोन्ही सारखे असतील तर तुमचे दोनच राउटर. वेगळे असतील, आणि वरचा १००.६४ ते १००.१२७ मधला किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर तुमच्या मागे तिसरा राउटर आहे, कंपनीच्या ऑफिसात, आणि तिथे तुम्हाला हात लावता येत नाही. त्याला सीजीनॅट म्हणतात. आपल्या आशिया-पॅसिफिक भागाचा आयपीव्ही४ चा (जुन्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांचा) साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला, म्हणून एका पत्त्यात शेकडो घरं बसवतात. तो १००.६४ वाला पट्टा २०१२ मध्ये मुद्दाम याच कामासाठी राखून ठेवलाय.

आणि हो, तपासणी घरच्या वायफायवरून करू नका. बरेच राउटर आतून बाहेर जाऊन परत आत येणारी जोडणी वळवतच नाहीत, मग सगळं बरोबर असूनही बंद दिसतं. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून बघा.

कृष्णाकाठ

आत्ता आईला फोन करून बघायला लावलं, तिने चष्मा लावून एकेक आकडा वाचून दाखवला. वॅन आयपी १००.७२ ने सुरू होतो. म्हणजे तुम्ही म्हणता तेच. तीन आठवडे मी जे दार उघडत होतो त्याच्या बाहेर अजून दोन दारं होती, आणि त्यातलं शेवटचं दार आमचं नव्हतंच.

पण याने माझं मत बदललं नाही, उलट राग वाढलाय. महिन्याला पैसे घेतात आणि स्वतःचा म्हणावा असा पत्ता नाही?

तार आणि खांब

मी फायबर जोडणीचंच काम करतो, कोल्हापूर भागात, म्हणून दोन शब्द. पत्ता मागितला तर देतात, बहुतेक ठिकाणी स्टॅटिक आयपीचे (न बदलणाऱ्या पत्त्याचे) वेगळे पैसे पडतात, काही ठिकाणी घरगुती प्लॅनवर देतच नाहीत. त्यामुळे आधी फोन करून विचारा, मगच पुढची आखणी.

दुसरं म्हणजे जाळं सरळ करायचं म्हटल्यावर लोक लगेच ब्रिज मोड मागतात. त्यात वरचा डबा नुसता तार जोडणारा होतो, पीपीपीओई पद्धतीचं लॉगिन असेल तर युजरनेम पासवर्ड तुमच्या राउटरमध्ये टाकावा लागतो, कधी व्हीलॅनचा (कंपनीच्या आतल्या वेगळ्या जाळ्याचा) आकडाही लागतो, आणि घरचा फोन त्या डब्यातून चालत असेल तर तो बंद पडू शकतो. मी असं एका घरी पाहिलंय, मुलाने बाहेरगावाहून रिमोटने ब्रिज करून घेतला आणि आजोबांचा फोन दोन दिवस मुका. तुमच्या आई तिथे एकट्या असतात ना? मग ब्रिजच्या नादी लागू नका. खालच्या राउटरलाच ॲक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय देणारा डबा) करा. त्याचा लॅन (घरच्या बाजूचा) पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्यानंतर डीएचसीपी (पत्ते वाटायची सोय) बंद करा, आणि वरून आलेली केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टात घाला. याच क्रमाने करा, आधी डीएचसीपी बंद केलंत तर तुमच्या लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही आणि राउटरचं पान उघडायला हाताने पत्ता टाकत बसावं लागतं. सर्व्हरला मग वरच्या राउटरमध्ये १.५० राखून ठेवा.

नाशिकची थंडी

मला यातलं तांत्रिक फार कळत नाही पण ऐकणारा माणूस म्हणून लिहिते. आमच्याकडे दिराने असाच सर्व्हर लावलाय. पहिल्यांदा त्याने व्हीपीएनचं (घरच्या जाळ्याशी खाजगी बोगद्याने जोडणारं) ॲप दिलं, ते चालू केल्याशिवाय काही उघडायचं नाही, सासूबाई दर वेळी विसरायच्या आणि म्हणायच्या "बिघडलंय ते". तुमच्या आत्या किती वर्षांच्या आहेत? तुम्ही सगळे रस्ता कुणाच्या मालकीचा यावर बोलताय, पण आत्यांना एका बोटाने कीर्तन लागलं पाहिजे ना?

लोखंडी पेटी

ताई, म्हणूनच टेलस्केल म्हणतोय. एकदा चालू करून ठेवलं की मागे चालू राहतं.

रात्रपाळी

राहतं, पण फुकटात मिळणारी सोय म्हणजे उपकाराची सोय. @लोखंडी पेटी, तुमचा पोर्ट न उघडण्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य, फाइल आतल्या आत वायरगार्डने (व्हीपीएनच्या एका कुलूपबंद पद्धतीने) गुंडाळलेली असते आणि मधल्या कुणाला वाचता येत नाही हेही मान्य. पण कोण कुणाला भेटू शकतं याची वही त्यांच्या सर्व्हरवर असते आणि लॉगिन बहुतेक गूगल, मायक्रोसॉफ्ट अशा कुणाच्या तरी खात्याने. ते खातं लॉक झालं की? माझं झालं होतं, नवीन फोन घेतल्यावर, नऊ दिवस. सर्व्हर घरात सुरू, फाइली जागेवर, आणि नवीन फोन काही केल्या त्यात जोडता येईना. म्हणून धागाकर्त्यांच्या मालकीच्या मुद्द्याला मी हलका मानत नाही.

शिवाय दोन्ही बाजूंना कडक नॅट असेल तर थेट जोडणी होतच नाही, सगळं रिलेमार्गे, म्हणजे त्यांच्या मधल्या सर्व्हरमार्गे जातं. टेलस्केल पिंग मारून बघा, उत्तर थेट येतंय की डर्पमार्गे (त्या रिलेचंच नाव), ते लिहूनच येतं. ९५० एमबीची फाइल रिलेवरून ओढायची म्हणजे बैलगाडी.

लोखंडी पेटी

एमपी३ ची वेगळी प्रत करून ठेवा की, ऐकायला डब्ल्यूएव्ही कशाला ओढायचं? १२८ केबीपीएसला ९० मिनिटं म्हणजे ८६ एमबी, ते रिलेवरूनही न अडखळता चालेल. आणि खात्याची भीती असेल तर हेडस्केल (ती वही आपल्याच सर्व्हरवर ठेवायची सोय) स्वतःचं चालवा. पण दोन राउटर नीट न जमलेल्या माणसाला स्वतःची व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) सांभाळायला सांगणं मला जबाबदारीचं वाटत नाही, स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

घाटमाथा

आयपीव्ही६ चं, म्हणजे भरपूर पत्ते असलेल्या नव्या पद्धतीचं कुणीच बोललं नाही. तिथे नॅटच नाही, सर्व्हरला थेट जगातला पत्ता. पण तिथेही दोन राउटरच आडवे येतात, कारण वरचा डबा बऱ्याचदा पत्त्यांचा एकच तुकडा (/६४) घेऊन बसतो आणि खालच्याला वाटून देत नाही, मग खाली आयपीव्ही६ पोचतच नाही. खालचा ॲक्सेस पॉइंट झाला की हा प्रश्न सुटतो. त्यानंतर वरच्या राउटरच्या फायरवॉलमध्ये फक्त तेवढा एक पोर्ट उघडायचा. मात्र आत्यांच्या बाजूचं वायफाय निव्वळ आयपीव्ही४ असेल तर नाही चालणार. मोबाइल डेटावर बहुतेक चालतं.

रच्याकने, टेलस्केल टाकलंत तर त्याचे पत्तेही १००.६४ च्याच पट्ट्यातले असतात. ते बघून "सीजीनॅटचा पत्ता सर्व्हरला कसा आला" म्हणून गोंधळू नका, माझी त्यात एक अख्खी संध्याकाळ गेलीय.

कृष्णाकाठ

शनिवारी सांगलीला जाऊन आलो, काय झालं ते सांगतो.

@तार आणि खांब, तुम्ही सांगितलेल्या क्रमानेच खालच्या राउटरचा ॲक्सेस पॉइंट केला. केबल वॅनमधून काढून लॅन दोनमध्ये घातली आणि मिनिटभरात सर्व्हर १.५० वर दिसला. एक अनपेक्षित फायदा झाला, वरच्या खोलीतल्या टीव्हीवर आईला आजवर सर्व्हर दिसत नव्हता, आता दोन्ही मजले एकाच जाळ्यात असल्याने दिसतो. हे टेलस्केलने दोन राउटर तसेच ठेवून झालं नसतं, टीव्हीत ते ॲप टाकायची सोयच नाहीये, म्हणून जाळं आधी सरळ करा हे माझं म्हणणं मी सोडत नाही.

कंपनीला फोन केला, पाच जणांकडे फिरवलं, शेवटी स्टॅटिक आयपी मिळेल म्हणाले, पैसे वर्षाचे एकदम. भरले. वरच्या राउटरवर एकच फॉरवर्ड, यूडीपी ५१८२०, वायरगार्डसाठी. तो ओळख न पटलेल्याला उत्तरच देत नाही, बाहेरून दार आहे हेही कळत नाही, त्यामुळे @लोखंडी पेटी, तुमची क्यूलॉकरची धास्ती इथे लागू नाही असं मला वाटतं. लॉगिनच्या पानाचा जुना फॉरवर्ड काढून टाकला, तो मुद्दा तुमचाच बरोबर होता.

@नाशिकची थंडी, ताईच्या आणि आत्याच्या फोनमध्ये वायरगार्ड कायम चालू ठेवलंय आणि त्यातून फक्त घरचा पट्टा जातो, बाकीचं नेट त्यांचं त्यांचं.

लोखंडी पेटी

वायरगार्डबद्दल सहमत. पैशाबद्दल नाही. जे फुकट होत होतं त्यासाठी वर्षाचे पैसे भरलेत, आणि पुढच्या वर्षी भरायचे राहिले की रस्ता बंद. आणि राउटर जळला तर आई काय करणार? तुम्ही पुण्यात.

रात्रपाळी

पत्ता स्वतःचा हवा तर पैसे पडणार, मला यात काही गैर दिसत नाही. पण मला जास्त काळजी दुसरीच वाटतेय. १४० कॅसेट एकाच घरात, एकाच डब्यात? दोन डिस्क असल्या तरी एकीवर चुकून पुसलं की दुसरीवरही पुसलं जातं, तो बॅकअप नव्हे. एक प्रत नाशिकला पाठवा.

तार आणि खांब

@लोखंडी पेटी म्हणतात त्यात तथ्य आहे. आम्ही राउटर बदलतो तेव्हा जुन्याची सेटिंग नव्यात येत नाही, फॉरवर्ड आणि राखीव पत्ता दोन्ही जातात. सेटिंगचे फोटो काढून ठेवा.

कृष्णाकाठ

फोटो काढलेत, आणि आईसाठी दोन्ही डब्यांवर कागद चिकटवून आलोय, कुठली केबल कुठल्या भोकात आणि डब्याचा पत्ता काय, मोठ्या अक्षरात. ताईसाठी पोर्टेबल डिस्क घेतली, गणपतीला ती सांगलीला येईल तेव्हा भरून देतो. एमपी३ ची प्रत आजपासून करायला लावलीय, सध्या ३१ वी कॅसेट चालू आहे.

आत्याचा काल रात्री साडेनऊला फोन आला होता. तिला सुदामचरित्र सापडलं, पूर्वरंग संपेपर्यंत ऐकलं म्हणाली, मध्ये बाबा खोकतात तेसुद्धा ऐकू येतं म्हणाली.