घरी भरदार वाजणारा ट्रॅक स्टेजवर पोकळ

गिटारवाला
नमस्कार मंडळी. मी गिटार वाजवतो, मैत्रीण गाते. दोघांचाच संच, म्हणून बाकी साथ ट्रॅकवर. दोन महिने रात्री जागून बारा गाण्यांचे ट्रॅक मी स्वतः कॉम्प्युटरवर बनवले. ड्रम, बेस, पियानो आणि मागे स्ट्रिंग्ज. हेडफोनवर ऐकताना स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटायची.

परवा पहिला कार्यक्रम झाला. ट्रॅक सुरू केला आणि पोटात गोळाच आला. ड्रम गायब, बेस गायब. विहिरीच्या तळाशी कुणीतरी स्ट्रिंग्ज वाजवतंय आणि वर स्नेअर ड्रमचा नुसता एको. गायिका माझ्याकडे बघतेय, मी लॅपटॉपकडे. साउंडवाल्याला खुणावलं तर त्याने आवाज वाढवला, म्हणजे विहीर आणखी मोठी झाली. बाराही गाणी तशीच रेटली. शेवटी तो म्हणाला, "तुमचा ट्रॅकच तसा आहे." घरी येऊन ऐकला तर ठणठणीत! फाइल ३२०च्या, म्हणजे सर्वात चांगल्या दर्जाच्या एमपीथ्री आहेत. माझं मिक्सिंग चुकतंय का? आवाज सुधारणारी महागडी जोड-सॉफ्टवेअर, म्हणजे प्लगइन घेऊ का?

तीव्र_मध्यम
स्टेजचे स्पीकर बऱ्याचदा मोनोच लावलेले असतात, म्हणजे डावा-उजवा मिळून एकच आवाज. स्टिरिओत फार पसरवलेलं काही असेल तर तिथे मार खातं. सगळे ट्रॅक मोनो करा आणि एमपीथ्रीऐवजी वेव्ह, म्हणजे न दाबलेली फाइल काढा. काम फत्ते.

गिटारवाला
केलं. काल तालमीला माझ्याच छोट्या मिक्सरला लावून बघितलं. आता काहीच वाजत नाही! लॅपटॉपवर मीटर नाचतोय, मिक्सरवरचा दिवा मात्र मेलेला. तीच फाइल हेडफोनवर व्यवस्थित. मला वेड लागायचंच बाकी आहे.

मिक्सरमागचा
वेड लागू देऊ नका, तुम्ही चोर पकडून दिलात. एवढंच सांगा, लॅपटॉपपासून मिक्सरपर्यंत वायर एकच आहे का? आणि मिक्सरकडच्या जाड पिनवर काळ्या रिंगा किती?

गिटारवाला
एकच. लॅपटॉपकडे बारीक पिन, मिक्सरकडे जाड, दोन्हींवर दोन-दोन रिंगा. कार्यक्रमातही हीच होती. चांगली म्हणून मुद्दाम घेतली होती.

मिक्सरमागचा
वायर चांगलीच आहे, जागा चुकली. लॅपटॉप त्या पिनच्या टोकावर डावा आवाज पाठवतो आणि दोन काळ्या रिंगांमधल्या धातूच्या पट्ट्यावर उजवा; त्या पट्ट्यालाही रिंगच म्हणतात. मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला, म्हणजे लांब वायरीसाठी केलेल्या खाचेला, हे ठाऊक नसतं. त्याच्या लेखी टोकावर मूळ सिग्नल आणि रिंगेवर त्याचीच उलटी प्रत, म्हणून तो एकातून दुसरं वजा करतो. लांब वायरीत शिरलेली घरघर अशीच कापली जाते. तुमच्या बाबतीत मात्र डाव्यातून उजवं वजा झालं. ड्रम आणि बेस मधोमध, म्हणजे दोन्हीकडे सारखेच, ते शून्य झाले. स्ट्रिंग्ज आणि एको दोन्हीकडे वेगवेगळे, तेवढे उरले. ती तुमची विहीर. आणि मोनो केल्यावर दोन्ही बाजू अगदी एकसारख्या झाल्या, वजाबाकीत काहीच उरलं नाही. तीव्र मध्यम यांचा सल्ला बरोबर होता, या वायरीवर तो उलटला.

लॅपटॉपकडे एक स्टिरिओ पिन आणि मिक्सरकडे दोन वेगळ्या मोनो पिना फुटणारी वायर घ्या, दोन चॅनेलमध्ये लावा. स्टेजवरून मिक्सर लांब असेल तर मध्ये डीआय बॉक्स मागा, म्हणजे सिग्नल लांब वायरीसाठी बॅलन्स्ड करून देणारी डबी. प्लगइनचे पैसे तूर्त खिशात राहू द्या.

आता ट्रॅकविषयी. माझी निम्मी हयात मिक्सरमागे गेली आहे. घरी बनवलेल्या ट्रॅकचा हमखास दोष म्हणजे ते फार भरलेले असतात. रात्री दोन वाजता एकट्याने हेडफोनवर ऐकायचं, मग रिकामी जागा दिसली की माणूस ती भरतो. पण ती जागा तुमच्या गिटारची आणि तिच्या गळ्याची आहे! गाण्याच्या ओळी चालू असतील तिथे पियानोचा उजवा हात उचला. रिव्हर्ब, म्हणजे ट्रॅकमध्ये घातलेला घुमारा, निम्म्यावर आणा, सभागृह स्वतःचा घुमारा फुकट देतंच. बेसखालची गुरगुर ४० हर्ट्झच्या आसपास कापा. हेडफोनवर ती सहसा लक्षात येत नाही आणि मोठ्या स्पीकरची ताकद मात्र खाते. पूर्ण मिक्सवरचा लिमिटर, म्हणजे मोठे आवाज दाबणारा, सैल सोडा. चिरडून सपाट केलेल्या ड्रमवर जिवंत गिटार बसत नाही.

आणि बाराही गाणी एकापाठोपाठ ऐकून आवाज सारखे करा. मीटरवर नका जाऊ, कानाने करा. शांत गाण्यानंतरचं जोरकस गाणं अंगावर आलं की आमचा हात आवाजाच्या सरकपट्टीवर, म्हणजे फेडरवर धावतो आणि मग तो तिथेच अडकतो. शेवट फेड-आउटने करू नका. समेवर थांबा. स्टेजवर फेड-आउट म्हणजे टाळ्या कधी वाजवायच्या हे कुणालाच न कळणं.

लयीत
मिक्सरमागचेदादा, एक शंका. आमची गायिका ऐनवेळी म्हणते, आज घसा बसलाय, स्केल उतरवा. तयार ट्रॅक अर्धा सूर खाली ओढला की ड्रम लिबलिबीत होतात.

मिक्सरमागचा
तयार फाइल ओढूच नका. मूळ प्रोजेक्ट आहे ना? त्यात नोटा उतरवा आणि तीन फाइल आधीच काढून ठेवा. तिची काळी पाच असेल तर पांढरी सहा आणि काळी चारही तयार हवी. फक्त ड्रमच्या ट्रॅकला हात लावू नका. मी एकदा सगळं सिलेक्ट करून सरसकट एक नोट चढवलं होतं. ड्रमच्या ट्रॅकमध्ये प्रत्येक नोट म्हणजे वेगळं वाद्य. जनरल मिडी या ठरलेल्या क्रमात स्नेअर ३८ नंबरवर बसतो आणि ३९ वर टाळी. अख्ख्या विरहगीतात दोन आणि चार मात्रेवर टाळ्या! गायिका आठवडाभर बोलत नव्हती.

गिटारवाला
वायर बदलली. पहिल्या ठोक्याला मिक्सरशेजारचा पेला थरथरला, इतका बेस आला. ड्रम परत आले. पियानोचा उजवा हात उचलायला जीव होत नव्हता, पण उचलला. मैत्रीण म्हणाली, "आज पहिल्यांदा मला माझा आवाज ऐकू आला." दोन महिने ती हे बोलली का नाही, विचारायचं धाडस झालं नाही.

एक राहिलं. मला कानात क्लिक, म्हणजे लयीची टकटक, हवी आहे. डावीकडे क्लिक आणि उजवीकडे ट्रॅक, असं केलं तर?

मिक्सरमागचा
चालतं, पुष्कळ जण करतात. ट्रॅक मोनो होईल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. गाण्याआधी चार टकटकही क्लिकच्याच बाजूला ठेवा. मात्र दोन्ही पिनांवर रंगीत चिकटपट्टी लावा आणि साउंडवाल्याच्या हातात देताना तोंडाने सांगा, "लाल लोकांना, पिवळी फक्त माझ्या कानात." एकदा एकाने न सांगता दोन्ही पिना माझ्या हातात कोंबल्या. मी दोन्ही वर केल्या आणि लोकांनी पहिलं कडवं टकटकीच्या तालावर ऐकलं. त्या दिवशी मीही म्हणालो होतो, "तुमचा ट्रॅकच तसा आहे."