मदत हवी आहे: दिवसाला दोन-तीन तासच वीज येते तिथे महिनाभर फोन आणि मोबाइल डेटा सुरू कसा ठेवायचा?

नमस्कार. पुढच्या महिन्यात कामासाठी पुन्हा एका डोंगराळ भागात जायचं आहे, या वेळी तीस दिवस. तिथे वीज दिवसातून दोन-तीन तास येते, कधी येईल याचा नेम नाही. जोराचा पाऊस झाला की दीड-दोन दिवस पत्ताच नसतो.

माझी अडचण कामाची नाही, घरची आहे. बाबांची तब्येत नाजूक असते आणि त्यांच्याजवळ आई एकटी. रिपोर्ट आला की ती फोटो काढून पाठवते, मी वाचून तिला समजावून सांगते. मागच्या खेपेला दहा दिवस राहिले होते. चौथ्या रात्री फोन बंद पडला, पॉवर बँकही रिकामी. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज आली, फोन सुरू केला आणि आईचे तीन मेसेज एकदम आले. ‘बाबांना ताप आहे.’ ‘तुझा फोन लागत नाही.’ ‘आता उतरलाय, काळजी करू नकोस.’ तो ताप चढून उतरेपर्यंत मला काही कळलंच नव्हतं. हे पुन्हा व्हायला नको आहे.

माझ्याकडे ५,००० एमएएच बॅटरीचा फोन आणि २०,००० एमएएचची पॉवर बँक आहे. हिशेबाने फोन चारदा चार्ज व्हायला हवा, पण तिसऱ्यांदाच ती मान टाकते. आणि वीज आल्याबरोबर लावली तरी कधीच पूर्ण भरली नाही, चारपैकी दोन दिव्यांच्या पुढे गेलेली मी पाहिली नाही. आणखी मोठी घेऊ का? सोलर पॅनेल उपयोगी पडतं का? दुसऱ्या कंपनीचं सिम टाकलं तर फरक पडेल का? अशा ठिकाणी राहिलेल्यांनी कृपया अनुभवातून सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी हिशेबाचं सांगतो. पॉवर बँकेवर लिहिलेले २०,००० एमएएच हे आतल्या सेलचे, ३.७ व्होल्टला मोजलेले असतात. म्हणजे एकूण ऊर्जा ७४ वॉट-अवर. बाहेर देताना ती व्होल्टेज वाढवते, त्यात आणि फोनच्या आत मिळून चांगली पाव हिस्सा ऊर्जा उष्णतेत जाते. तुमच्या फोनची बॅटरी साधारण १९ वॉट-अवरची. म्हणजे तीनदाच. तुमची पॉवर बँक खराब नाही.

मला खरी शंका ती भरत नाही यावर आहे. वीज तीनच तास असेल तर किती मोठी पॉवर बँक आहे यापेक्षा ती किती वेगाने भरते हे महत्त्वाचं. ५ व्होल्ट २ अँपिअर म्हणजे १० वॉट. तीन तासांत ३० वॉट-अवर आत जाणार, त्यातही थोडी गळती. याच चार्जरवर दुप्पट मोठी घेतलीत तरी तेवढीच भरेल. पॉवर बँकेच्या पाठीवर बारीक अक्षरात ‘इनपुट’ लिहिलेलं असतं, ते बघून इथे सांगा. कोणत्या भोकात कोणती केबल लावता तेही सांगा.

प्रतिसाद २

मी बरीच वर्षं अशा भागांत फिरतीवर असते, त्यामुळे टॉवरची बाजू सांगते. वीज गेली की टॉवरही बॅटरीवर जातो, आणि ती बॅटरी काही तासांची असते. जनरेटर असेल आणि त्यात डिझेल असेल तर ठीक, नाहीतर पुढे तोही गप्प. म्हणून फोन भरलेला असूनही रेंज नसण्याची तयारी ठेवा.

दुसऱ्या कंपनीचं सिम घ्या, पण आधी तिथल्या लोकांना विचारा. बऱ्याच ठिकाणी दोन-तीन कंपन्यांची यंत्रं एकाच टॉवरवर, एकाच विजेवर असतात. मग सगळ्या एकदमच जातात. वेगळ्या टेकडीवरच्या टॉवरची रेंज मिळणार असेल तरच त्या सिमचा फायदा.

रेंज नसताना फोन नुसता खिशात असला तरी बॅटरी खातो. टॉवर सापडेना की तो पुन्हा पुन्हा शोधत राहतो, आणि टॉवर लांब असेल तर आवाज चढवून बोलतो, म्हणजे जास्त ताकदीने सिग्नल पाठवतो. मागच्या खेपेला तुमची निम्मी बॅटरी यातच गेली असणार. मी घरच्यांशी वेळा ठरवून घेते: सकाळी ७, दुपारी १, रात्री ९, प्रत्येकी पंधरा मिनिटं. एरवी फ्लाइट मोड. आईंना नीट समजावून सांगा की मधल्या वेळात फोन लागणार नाही आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ही एक गोष्ट ठरली की दोन्हीकडचा जीव शांत राहतो, मला तर हीच सगळ्यात मोलाची वाटते.

आईंना साधा एसएमएस करायलाही सांगा. डेटा रांगत असतो तिथेही तो बहुतेक वेळा जातो, आणि तुमचा फोन बंद असला तरी तो कंपनीच्या यंत्रणेत थांबून राहतो व फोन रेंजमध्ये आला की पोचतो. रिपोर्टचा फोटो उघडत नसेल तर त्यातले आकडे एसएमएसने कळवता येतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. वेळा ठरवायचं मला सुचलंच नव्हतं, आईशी आजच बोलले. सकाळी ७ बाबांच्या औषधांची वेळ आहे, म्हणून साडेसात ठरलं.

पॉवर बँक उजेडात धरून वाचली. दोन इनपुट आहेत. मायक्रो यूएसबी: ५ व्होल्ट, २ अँपिअर. टाइप-सी: ५ व्होल्ट ३ अँपिअर किंवा ९ व्होल्ट २ अँपिअर. मी कायम जुन्या फोनचा चार्जर आणि त्याचीच बारीक केबल मायक्रोमध्ये लावत होते! लॅपटॉपचा टाइप-सी चार्जर आहे, तो चालेल का?

प्रतिसाद १

त्यावर पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे टाइप-सीवरची वेगवान चार्जिंगची पद्धत) लिहिलेलं असेल तर बिनधास्त चालेल. चार्जर आणि पॉवर बँक आपसात ठरवून ९ व्होल्ट घेतात, म्हणजे १८ वॉट. जवळजवळ दुप्पट वेग. फक्त वीज आली की लगेच प्लग लावू नका. येताना ती खालीवर होते, पाच-दहा मिनिटं दिवा स्थिर जळू दे, मग लावा.

दुसरी पॉवर बँक घ्यायचीच तर एवढीच घ्या आणि दोन्ही वेगवेगळ्या चार्जरवर एकाच वेळी भरा. विमानाने जाणार असाल तर त्या हातातल्या बॅगेतच ठेवा, सामानात चालत नाहीत. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही, तुमची ७४ची आहे.

सोलर पॅनेल पावसाच्या दिवसांसाठी फार भरवशाचं नाही. नेलंत तर फोन थेट जोडू नका. ढग आला-गेला की चार्जिंग तुटतं-जुळतं, प्रत्येक वेळी स्क्रीन उजळते, आणि उन्हात तापलेला फोन चार्जिंगच थांबवतो. दिवसा पॅनेलवर पॉवर बँक, रात्री तिच्यावरून फोन. पॉवर बँकही पॅनेलच्या सावलीत ठेवा.

धागाकर्ती

आज घरीच करून पाहिलं. पूर्ण रिकामी पॉवर बँक लॅपटॉपच्या चार्जरवर ६ वाजता लावली, ९ ला काढली. दोन दिवे स्थिर, तिसरा लुकलुकत होता. म्हणजे तीन तासांत फोन दोनदा भरेल एवढी. आईने ठरल्याप्रमाणे ९ वाजता एसएमएस करून बघितला: ‘बाबा जेवले. ताप नाही.’

तिथे पोचल्यावर टॉवर किती टेकड्यांवर आहेत ते विचारून इथेच लिहीन.