विद्यापीठाचं साप्ताहिक वार्तापत्र: विद्यार्थ्यांसाठी की साहेबांसाठी?

बाळकुमकर (धागाकर्ता)

पुतणी राज्यातल्या एका सार्वजनिक विद्यापीठात एम.एस्सी. करते. कुठल्या ते मुद्दाम लिहीत नाही. तिथून दर सोमवारी सगळ्या विद्यार्थ्यांना साप्ताहिक वार्तापत्र येतं. तिने ते मला पाठवलं आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो असल्यामुळे मी ते अथपासून इतिपर्यंत वाचलं.

कुलगुरूंच्या हस्ते उद्घाटनं, कुलगुरूंची सदिच्छा भेट, कुलगुरूंचं मार्गदर्शन. मध्येच 'युवा नेतृत्व विकास कार्यशाळा'. एका फोटोवर मी बराच वेळ थांबलो. सामंजस्य कराराचा फोटो. अकरा माणसांनी मिळून एकच फाइल धरलीय, टोकाच्या दोघांचा हात पोचत नाही म्हणून त्यांनी शेजाऱ्याच्या कोपराला धरलंय. खाली अकराही जणांची नावं, हुद्द्यांसकट. करार कशाचा, त्यातून पोरांना काय मिळणार, इंटर्नशिप की नुसता चहा, यावर एक ओळ नाही.

वसतिगृहात दिवसाआड पाणी येतंय आणि पुनर्मूल्यांकनाचे निकाल रखडलेत, हे मला पुतणीकडून कळलं, वार्तापत्रातून नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठाने आठवड्याची बातमी द्यायची तर निर्णयांची द्यावी, समारंभांची नको. आणि नेतृत्वाचे धडे द्यायचेच असतील तर आधी विद्यार्थी परिषदेच्या निवडणुका घ्याव्यात. यावर तुमची मतं येऊ द्या, विरोधी असली तरी.

तलावपाळी

सहमत. दीपप्रज्वलनाच्या फोटोंत समई तेवढी स्वतःचं काम करताना दिसते.

निवृत्त जनसंपर्कवाला, नेरूळ

विरोधी मत मागितलंत म्हणून लिहितो. अशाच एका विद्यापीठाच्या जनसंपर्क कक्षात माझी सगळी नोकरी झाली. हे वार्तापत्र कसं तयार होतं ते आधी ऐका, मग शिव्या घाला.

गुरुवारपर्यंत विभागांनी मजकूर पाठवायचा असतो. येतो शुक्रवारी संध्याकाळी, तोही व्हॉट्सअ‍ॅपवर, फोटो अंधुक आणि मजकूर म्हणजे निमंत्रणपत्रिका जशीच्या तशी. कक्षात माणसं दोन, त्यातला एक कंत्राटी. नावांचा क्रम म्हणजे आणखी वेगळी डोकेदुखी. कुलगुरू, प्र-कुलगुरू, कुलसचिव, मग अधिष्ठाते. एखाद्या अधिष्ठात्याचं नाव संचालकाच्या नंतर आलं की सोमवारी सकाळी साडेदहाला फोन वाजलाच. करारात काय आहे हे विचारायला गेलो की उत्तर, "ते गोपनीय कलम आहे, तुम्ही फोटो छापा."

आता मुद्द्याचं. वार्तापत्र हे तक्रार निवारणाचं व्यासपीठ नाही. त्यासाठी कायद्यात वेगळा कक्ष आहे. पाणी, निकाल, वसतिगृह यांच्या सूचना परिपत्रकांत जातात, जायला हव्यात. संस्थेने स्वतःचं चांगलं सांगितलं तर त्यात पाप काय? पेपरवाले विद्यापीठाची आठवण फक्त गोंधळ झाला की काढतात. विद्यापीठांमधल्या स्पर्धांत, म्हणजे 'आविष्कार'मध्ये पोरगा संशोधनात पहिला आला, 'इंद्रधनुष्य'मध्ये एकांकिकेला बक्षीस मिळालं, 'अश्वमेध'मध्ये खो-खोचा संघ अंतिम फेरीत गेला, हे कोण छापणार? आम्हीच ना?

रासेयोवाली, कळवा

काका, तुमचं निम्मं पटतं. मी कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी आहे. आमची पोरं वर्षाला १२० तास काम करतात, दोन वर्षांचे २४०, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर.

मागचं शिबिर मुरबाड तालुक्यातल्या एका गावात होतं. वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गावभर फिरून गोळा केल्या, त्यात माती भरली, सुतळीने तोंडं शिवली आणि ओढ्यात रांग लावून एकावर एक रचल्या. घरी स्वतःचं ताट न उचलणारी एक मुलगी तिसऱ्या दिवशी "खालचा थर आडवा लावा, नाहीतर पाणी काढून नेईल" असं गावातल्या दादांना सुनावत होती आणि ते ऐकत होते. मला नेतृत्व म्हणतात ते तिथे दिसलं.

विद्यापीठाला बातमी पाठवली. छापून आली चार ओळींत. तीन ओळी उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांच्या, चौथीत "स्वयंसेवकांनी श्रमदान केले". बंधाऱ्याचा शब्द नाही, गावाचं नावही चुकवलं. चांगलं छापायला तुम्ही बसला होतात तर हे का गळलं?

तरीही धागाकर्त्यांना सांगते, ती चार ओळींची बातमी पोरांनी स्टेटसला ठेवली. एकीच्या आईने कात्रण करून देव्हाऱ्याशेजारी लावलंय. त्यामुळे वार्तापत्र बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही.

बाळकुमकर

ताई, बंद करा असं मी म्हणालोच नाहीये. पाहुण्यांच्या तीन ओळी आणि पोरांची एक, हे उलटं करा एवढंच. जनसंपर्कवाल्या काकांनी सगळं खापर विभागांवर फोडलं, पण गोण्यांची गोष्ट विभागाने पाठवली होती आणि तुमच्यासारख्या कुणीतरी ती कापली.

आणि निकाल परिपत्रकात जातात म्हणता? २०१७ साली मुंबई विद्यापीठाने लाखो उत्तरपत्रिका एकदम संगणकावर तपासायला घेतल्या. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही हुकली. पोरं परदेशातले प्रवेश घालवून बसली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात निकाल ३० दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत लावायचा असं लिहिलंय. मग दर सोमवारी एक तक्ता द्या ना. कोणती परीक्षा कधी संपली, आज कितवा दिवस, किती पेपर तपासून झाले. यात गोपनीय काय आहे?

कोपरी पूर्व

निकालाच्या तक्त्याला माझा पाठिंबा. निवडणुकांना अजिबात नाही.

मी ऐंशीच्या दशकात कॉलेजात होतो. निवडणुकीच्या आठवड्यात स्टेशनपासून कॉलेजपर्यंत कुणाची पोरं कुठे उभी आहेत ते बघून रस्ता बदलायचो. १९८९ला मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, त्यानंतर खुल्या निवडणुका थांबल्या त्या उगाच नाहीत. १९९४च्या कायद्याने गुणवत्तेवर वर्गप्रतिनिधी नेमायची पद्धत आणली. तिला नावं ठेवा, पण त्या काळात आया निर्धास्त होत्या. तुमची कार्यशाळा, शिबिरं हेच बरं आहे. पोरं बोलायला शिकतात, माईक धरायला शिकतात आणि कुणाचं डोकं फुटत नाही.

ऐरोलीचा केटीवाला

विद्यार्थी म्हणून लिहितो, माफ करा, वार्तापत्र कुणीच वाचत नाही. आम्हाला निकाल टेलिग्रामवर कळतो, परीक्षा पुढे गेली तेही तिथेच कळतं आणि अर्ध्या वेळा ते खोटं असतं. मागे एकाने जुन्या परिपत्रकावरची तारीख बदलून टाकली होती. ग्रुपवरची अर्धी पोरं गावाला निघून गेली. खरी बातमी वेळेत आली असती तर ही वेळ आली नसती.

कोपरी काका, वर्गप्रतिनिधी "गुणवत्तेवर" म्हणजे सरांच्या पुढे-पुढे करणारा. आमचा सीआर कोण, हे आम्हाला फ्रेशर्स पार्टीत कळलं.

बाळकुमकर

कोपरीकर, कायदा तुमच्या आठवणींच्या पुढे गेलाय. २०१६च्या कायद्याने थेट निवडणुकांची तरतूद परत आणली. त्याआधी विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीने २००६ साली नियम घालून दिले होते, उमेदवाराला खर्चाची मर्यादा ५,००० रुपये, राजकीय पक्षांना मज्जाव, छापील फलकांना बंदी. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. २०१९मध्ये आपल्याकडे निवडणुका घ्यायचं ठरलंही, विधानसभेचं कारण देऊन त्या पुढे ढकलल्या, मग करोना आला आणि विषय बासनात गेला. विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाला कायद्याने सिनेटवर, म्हणजे विद्यापीठाच्या अधिसभेवर, जागा आहे. परिषदच नसेल तर त्या जागेवर कोण बसणार? दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र?

सीवूड्सची आजी

माझी नात कॅलिफोर्नियात सरकारी विद्यापीठात शिकते. तिथेही आठवड्याला पत्र येतं, त्यात विद्यापीठप्रमुखांचे हसरे फोटो असतातच. पण त्याच आवारात विद्यार्थ्यांचं वेगळं वर्तमानपत्र असतं. बर्कलीचं 'डेली कॅलिफोर्नियन' १८७१ पासून आहे आणि १९७१मध्ये ते विद्यापीठापासून पूर्ण स्वतंत्र झालं. म्हणजे अधिकृत पत्राने आरती ओवाळली तरी बिघडत नाही, शेजारी चिमटा काढणारं कुणीतरी बसलेलं आहे.

शिवाय त्या विद्यापीठाचा कारभार बघणारं रीजंट्सचं मंडळ, २६ जणांचं, त्यात १९७५ पासून एक विद्यार्थी असतो, मताच्या हक्कासकट. बैठकीची विषयपत्रिका दहा दिवस आधी जाहीर करावी लागते आणि बैठक घरबसल्या बघता येते. मी एकदा बघितली. फीवाढीवर बोलायला पोरं एकेक मिनिटासाठी रांगेत उभी होती. आपल्याकडे वार्तापत्र सुधारा म्हणण्यापेक्षा पोरांना त्यांचं स्वतःचं काढू द्या, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

निवृत्त जनसंपर्कवाला, नेरूळ

आजी, अमेरिकेचं कौतुक निम्मंच सांगितलंत. त्या २६ जणांतले १८ गव्हर्नर नेमतो, तेही १२ वर्षांसाठी. आपल्या सिनेटवर पदवीधर मतदारसंघातून दहा जण निवडून जातात, दर पाच वर्षांनी. मुंबई विद्यापीठाची ही निवडणूक लांबत लांबत २०२४च्या सप्टेंबरात झाली, तीसुद्धा उच्च न्यायालयाने कान धरल्यावर. मतदार म्हणून इथल्या किती पदवीधरांनी नाव नोंदवलंय? हात वर करा. कुलगुरूंच्या फोटोंवर हसायला सगळे पुढे आणि अर्ज भरताना पदवीचं प्रमाणपत्र सापडत नाही.

कळव्याच्या ताई, गावाचं नाव चुकलं असेल तर वाईट वाटतं. पण कापतो आम्ही नाही. आमच्याकडून पूर्ण मजकूर वर जातो, पाहुण्यांच्या ओळी वरून वाढून येतात, जागा तेवढीच असते. मग खालून काय जाणार ते तुम्हीच ओळखा.

अर्जदार, घणसोली

मी या वादात तिसरीच बाजू मांडतो. वार्तापत्र आहे तसंच चालू ठेवा, माझ्या फार कामाचं आहे.

आमच्या भागातल्या एका विद्यापीठाने एका कंपनीशी करार केला. बातमीत तारीख, कंपनी आणि सह्या करणाऱ्यांची नावं होती, अगदी बाळकुमकरांनी वर्णन केलं तशी. मी ते पान जोडून माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकला: कराराची प्रत, मुदत आणि आजवर किती विद्यार्थ्यांना लाभ. आधी उत्तर आलं "असा कोणताही करार उपलब्ध नाही". पहिल्या अपिलात मी फोटो समोर ठेवला. अकरा माणसांनी धरलेली फाइल नाही कशी म्हणणार? प्रत मिळाली. तीन वर्षांची मुदत, दोन्ही बाजूंवर आर्थिक बोजा शून्य, लाभार्थी विद्यार्थी शून्य.

सुनावणीनंतर अधिकारी मला म्हणाले, "अहो, तो फोटोपुरता होता." हे त्यांनी लेखी दिलं नाही, अर्थात.

तेव्हा काका, नावं छापत राहा, तारखा छापत राहा. फक्त कराराचा क्रमांक तेवढा घालायला सांगा.

निवृत्त जनसंपर्कवाला, नेरूळ

क्रमांक घालायला लागलो असतो तर मुदतीआधीच निवृत्त झालो असतो!

पण एक सांगून ठेवतो. माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम म्हणतं की अशा गोष्टी कुणी मागायच्या आधीच स्वतःहून जाहीर करा. म्हणजे निकालाचा तक्ता काय, करारांची यादी काय, नवीन कायदा नको, परवानगीही नको. कुलसचिवांनी एक टिपण काढलं की पुढच्या सोमवारपासून सुरू होईल. इथे लिहिण्याऐवजी आपल्या सिनेट सदस्याला पकडा, प्रश्न लेखी द्या. सिनेट वर्षातून दोनदाच भरते, मुदत चुकवू नका.

रासेयोवाली, कळवा

प्रश्नात शिबिरांचंही घाला. बातमीत गावाचं नाव, कामाचं माप आणि विद्यार्थ्यांची नावं सक्तीची करा. पाहुण्यांची नावं ऐच्छिक.

कोपरी पूर्व

ऐच्छिक केलीत तर पाहुणेच यायचे नाहीत ताई. मग शिबिराच्या बसचे पैसे कोण मंजूर करणार?

बाळकुमकर

हा मुद्दा मात्र अडचणीचा आहे. बसचं गणित कुणाला माहीत असेल तर लिहा. बाकीचा मसुदा मी करतो. ठाण्यातले दोन पदवीधर सिनेट सदस्य ओळखीचे असतील त्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवा, इथे नंबर टाकू नका.