चांदीचं पॉकेट क्रोनोमीटर: आधीचे मालक शोधायचे कसे?

उलटाकाटा:
मंडळी, वारशात एक चांदीचं पॉकेट क्रोनोमीटर, म्हणजे खिशातलं अतिशय अचूक घड्याळ, माझ्याकडे आलंय. इंग्लिश, किल्ली देऊन चालणारं. मेकरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ते लिहिलं की चर्चा किमतीवर घसरते आणि मला हवेत आधीचे मालक.

मागचं झाकण उघडलं की आत चालता सिंह, बिनमुकुटाचं बिबट्याचं तोंड, एक अक्षर आणि 'टी. एच.' असा ठसा आहे. खाली नंबर. मशीनवरचा नंबर मात्र वेगळाच. बाहेरून मधोमध कोरीव लंबगोल चौकट, पण आत कोरी; अंगठा फिरवला की तिथे जरा खोलगट लागतं. घरात सगळे सांगतात, टी. एच. म्हणजे पहिला मालक, जहाजाचा कप्तान. हे नाव कुठे सापडेल?

किल्लीवाला:
कप्तानाला आधी रजा द्या. टी. एच. हा डबी, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं चांदीचं कवच, घडवणाऱ्याचा ठसा. मालकाचं नाव कोरतात, ठशाने उमटवत नाहीत. आणि जहाजावरचं क्रोनोमीटर बहुधा मोठं, लाकडी पेटीत झुलतं ठेवलेलं असायचं. खिशातलं आहे म्हणून मालक दर्यावर्दी, हा घरोघरी ठेवलेला गोड समज आहे.

आता ठसे. सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी, हजारात ९२५ भाग. बिबट्या लंडनचा. त्याच्या डोक्यावरचा मुकुट १८२१ साली गेला, म्हणजे तुमची डबी त्यानंतरची. साल ते अक्षर सांगेल. नुसतं अक्षर बघू नका, त्याचं वळण आणि भोवतालच्या चौकटीचा आकारही बघा, कारण तीच अक्षरं दर काही वर्षांनी नव्या रूपात परत येतात.

पण हे सगळं झालं डबीचं. नामी इंग्लिश घड्याळात डबीवर बहुधा मशीनचाच नंबर मारलेला सापडतो. तुमच्याकडे दोन नंबर, म्हणजे डबी बदललेली असण्याचा दाट संशय. अशा वेळी मालकांच्या दोन याद्या कराव्या लागतात, एक मशीनची आणि एक डबीची.

यात कमीपणा काही नाही हं. लंडनचे घड्याळकार आर्नॉल्ड यांचं ४८५/७८६ नंबरचं क्रोनोमीटर बघा. ते ड्यूक ऑफ ससेक्स या इंग्लिश राजपुत्रासाठी बनलं असं सांगतात. पुढे ते ग्रिनिच वेधशाळेतल्या जॉन बेलविल यांच्याकडे आलं आणि १८३६ पासून ते त्यावर वेळ लावून लंडनच्या घड्याळजींना विकू लागले. हो, वेळ विकायचे! लंडनच्या वस्त्यांतून सोन्याची डबी मिरवणं म्हणजे चोरांना आवतण, म्हणून त्यांनी चांदीची करून घेतली. ते १८५६ ला वारले, मग बायको मारिया ते घेऊन फिरली, १८९२ नंतर मुलगी रूथ. ती सोमवारी ग्रिनिचला जायची, घड्याळ किती पुढे-मागे आहे त्याचा दाखला घ्यायची आणि गिऱ्हाइकांचे उंबरे झिजवायची. १९०८ साली तारेने वेळ पुरवणाऱ्या कंपनीच्या एका माणसाने भर सभेत तिची टर उडवली. उलट तिचंच नाव झालं. १९३६ ला टेलिफोनवर बोलतं घड्याळ आलं, तरी बाई १९४० पर्यंत फिरतच होती. नुसती डबी हातात घेऊन बसलो असतो तर त्या ड्यूकचा पत्ता तरी लागला असता का?

तेव्हा आधी मशीनचा नंबर. आणि पॉलिश अजिबात नको. ती खोलगट जागा म्हणजे कुणीतरी घासून पुसलेलं काहीतरी आहे.

सेकंदकाटा:
वरच्याला एक जोड. मूळ डिटेंट, म्हणजे क्रोनोमीटरचं चाक अडवून सोडणारी नाजूक पाती, शिल्लक आहे का तेही बघा. एका आड एक ठोका ठळक ऐकू येत असेल आणि सेकंदकाटा टप्प्याटप्प्याने उडत असेल तर बहुतेक आहे. पुष्कळ पॉकेट क्रोनोमीटरं पुढच्या मालकांनी साध्या घड्याळातल्या दणकट लिव्हर रचनेवर बदलून घेतलीत, कारण डिटेंट धक्क्याला फार हळवा. आणि साफसफाई होईपर्यंत किल्ली देऊ नका, त्या पातीचा तुकडा पडला तर नवी हाताने घडवावी लागते.

उलटाकाटा:
अंधार करून टॉर्च अगदी आडवा धरला. चौकटीत पीळ घातलेल्या दोरीसारखी आडवी पट्टी दिसते, वर एका जनावराचे मागचे दोन पाय आणि शेपटी. पुढचा भाग साफ गेलाय. झाकणाच्या आत बारीक ओरखडा आहे, '४/५२'. ठोका एका आड एकच ठळक येतो. (किल्ली कालच दिली होती, आता नाही देणार.)

किल्लीवाला:
वा! ती पिळाची पट्टी म्हणजे घराण्याच्या चिन्हाची बैठक, त्यावर प्राणी उभा करतात. पण एकच प्राणी कितीतरी घराणी वापरायची, आणि तुमच्याकडे अर्धाच आहे. ब्रीदवाक्याचं एखादं अक्षर सापडलं तर बोलू. तोवर वंशावळवाल्यांना पैसे देऊ नका.

ओरखडा दुरुस्त करणाऱ्याचा. एप्रिल १८५२ असावा, म्हणजे तेव्हा घड्याळ वापरात होतं आणि कुणीतरी त्यावर खर्च करत होतं. एक चिन्ह कोरून घेणारा, एक ते पुसून घेणारा, असे डबीचेच दोन मालक दिसतात. मशीनचे अजून शून्य.

साफसफाईला द्याल तेव्हा तबकडीच्या मागच्या बाजूचा आणि तिच्याखालच्या पत्र्याचा फोटो काढून मागा. तिथे नंबर किंवा कारागिराची खूण सापडते. तो फोटो इथे टाका, आणि आता मेकरचं नावही सांगून टाका.