'घरघर' म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे?

कर्लीकाठ: कुडाळ तालुक्यातल्या आरोग्यसेविकांसाठी छाती तपासण्यावर एक टिपण मराठीत लिहिते आहे. छातीतल्या 'व्हीझ' (सलग, सुराचा) आणि 'क्रॅकल' (तुटक) या दोन आवाजांपाशी अडले आहे. पहिल्या खर्ड्यात व्हीझला 'घरघर' लिहिले होते. गेल्या आठवड्यात एका लहानग्याच्या छातीला नळी (स्टेथोस्कोप) लावली आणि सहज बोलून गेले, "थोडी घरघर आहे." त्याच्या आजीने त्याला एकदम कुशीत ओढले. म्हणाली, "असा काय बोलतास गो बाये?" आपल्याकडे घरघर लागते ती शेवटची, हे मला तेव्हा आठवले. सेविकेला आवाज नेमका कळेल आणि आईसमोरही उच्चारता येईल, असे शब्द सुचवा.

जुनी नळी: ताई, नळीचा जनक लाएनेक यालाही हाच पेच पडला होता. १८१६ मध्ये पॅरिसला त्याने कागदाची सुरळी करून एका रुग्णाची छाती ऐकली आणि १८१९ मध्ये ग्रंथ लिहिला. छातीतल्या अशा आवाजांना त्याने 'राल' म्हटले. फ्रेंच माणसाला त्या शब्दातून मरणाऱ्याची घरघरच ऐकू येई. रुग्ण घाबरत, म्हणून खाटेपाशी तो लॅटिन 'राँकस' म्हणू लागला. तुमची आजी आणि त्याचे रुग्ण एकाच गोष्टीला घाबरले. पुढे राँकसला वेगळाच अर्थ चिकटला आणि अजूनही एकाच छातीला एक डॉक्टर राँकाय (राँकसचे अनेकवचन) लिहितो, दुसरा व्हीझ.

शब्दाआधी कान तयार करा. व्हीझ सलग असतो, त्याला सूर असतो, बहुधा श्वास सोडताना येतो. क्रॅकल तुटक असतो, बहुधा श्वास घेताना. कानाजवळ केसांची बट चिमटीत धरून चोळा; बारीक क्रॅकल तसाच. आणि ऐकल्यावर रुग्णाला खोकायला सांगा. खोकल्यावर गेला तर तो बहुधा कफाचा आवाज होता.

शिरोडेकर: आमच्या गावात मिठागरे आहेत म्हणून सांगतो, क्रॅकलला 'तडतड' म्हणा. दृष्ट काढून मीठमोहऱ्या इंगळावर टाकल्या की जो आवाज येतो तो. कोकणातल्या कुठल्या बाईला तो समजावून सांगावा लागेल?

जुनी नळी: वा! लाएनेकनेही तापलेल्या भांड्यात तडकणाऱ्या मिठाचीच उपमा दिली आहे.

शब्दनिष्ठ: तडतड, घरघर हे नुसते आवाजाचे अनुकरण. शास्त्राला संज्ञा लागते. चरकाने तमकश्वासाच्या, म्हणजे दम्याच्या वर्णनात 'घुर्घुरक' म्हटले आहे. तो शब्द आपला आहे, दोन हजार वर्षे जुना आहे. तो टाकून इंगळावरच्या मोहऱ्या कशाला?

शिरोडेकर: घुर्घुरक तरी काय आहे? आवाजाचे अनुकरणच ना? चरकाने ऐकले ते लिहिले. आम्हीही तेच करतो आहोत.

दापोलीची लेक: व्हीझला 'शीळ' घ्या. माझ्या आईला दमा होता. पावसाळ्यात रात्री माजघरातून शीळ ऐकू आली की बाबा उठून पाणी तापवायचे. आम्ही दुसरा शब्द वापरलाच नाही.

शब्दनिष्ठ: रात्री शीळ घातली की साप येतो म्हणतात आपल्याकडे. त्या आजी हाही शब्द ऐकून घेणार नाहीत.

जुनी नळी: शीळ चालेल, पण जाड आवाजाचा व्हीझ शिळेसारखा लागत नाही. त्याला 'घुरघुर' ठेवा. मांजराची घुरघुर कुणाला भीतीची वाटत नाही. एक मात्र टिपणात ठळक अक्षरात लिहाच. दम्याच्या मोठ्या झटक्यात माणूस धापा टाकतोय आणि शीळ थांबली, तर तो बरा झाला असे समजू नका. हवाच आत-बाहेर जात नाही म्हणून छाती गप्प झालेली असते. त्याला लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायचे. मी नवा असताना अशा शांत छातीने एकदा फसलो. ते अजून टोचते.

वेंगुर्ल्याची काकी: आमच्याकडे पोराला न्यूमोनिया झाला की 'डबा झालो' म्हणत. पोट उडताना दिसले की नळी हवी कशाला?

कर्लीकाठ: काकी, बरोबर. सेविकेला आधी श्वास मोजायलाच शिकवतो: २ महिने ते १ वर्षापर्यंत मिनिटाला ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त, तर जलद. पोर रडत असताना मोजायचे नाही. पण मला आवाजाचे शब्द हवे होते.

शब्दनिष्ठ: दमासुद्धा आपला नव्हे. दम फारसी, म्हणजे श्वास.

दापोलीची लेक: दम मराठीत इतका मुरला आहे की 'दम खा' म्हणताना कुणाला फारस आठवते?

वेंगुर्ल्याची काकी: आमचे जुने डॉक्टर नळी लावायच्या आधी छातीवर बोट ठेवून त्यावर दुसरे बोट आपटत. फणस ठोकून बघतात तसे. त्याला काय म्हणायचे?

जुनी नळी: ठोकणेच म्हणा. ती रीत १७६१ मध्ये आउएनब्रुगर या वैद्याने मांडली. हवेने भरलेली छाती पोकळ वाजते, पाणी साठले की आवाज जड, बद्द होतो.

शिरोडेकर: म्हणजे फणसाच्या उलटे. कच्चा फणस टणक वाजतो, पिकला की बदबद.

वेंगुर्ल्याची काकी: बदबद नाय ओ, डबडब. बदबद वाजलो तर तो आतून गेलेलो.

कर्लीकाठ: सध्या 'शीळ', 'घुरघुर' आणि 'तडतड' लिहून ठेवते. सोमवारी सेविकांसमोर वाचेन. शिरोडेकर, मीठमोहऱ्यांचे वाक्य तुमचे जसेच्या तसे घेऊ का?

शिरोडेकर: घ्या ना. पण काकी, बरका की कापा? बरका असेल तर बदबदच.