फोन काढून घेण्याची भीती

फोटोंचा गैरवापर टाळायचा तर ‘मुलांचे फोटो इंटरनेटवर टाकूच नका’ असा सल्ला दिला जातो. पटतं, पण तेवढ्याने भागत नाही. स्पेनमधल्या अल्मेंद्रालेहो गावात २०२३ साली वीसेक मुलींचे साधे, कपड्यांतले फोटो एआय अ‍ॅपमध्ये घालून नग्न चित्रं बनवली गेली. बनवणारी कोण, तर ओळखीतलीच शाळकरी मुलं. २०२४ मध्ये त्यातल्या १५ जणांना बालन्यायालयाने वर्षभर देखरेखीखाली ठेवलं.

हे मी आठवीतल्या भाचीला सांगितलं. चार्जरची वायर बोटाभोवती गुंडाळत ती म्हणाली, “मामा, माझं असं झालं तर आई आधी फोनच काढून घेईल ना?” धस्स झालं. मुलं गप्प बसतात ती या भीतीने. ‘तुझी चूक नाही, फोन काढून घेणार नाही’ हे त्यांना आजच सांगा.

घडलंच काही, तर ते चित्र पुरावा म्हणूनसुद्धा कुणाला पुढे पाठवू नका. लिंक, खात्याचं नाव, वेळ लिहून ठेवा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा. मुलांच्या बाबतीत नाव न देताही करता येते. अशी चित्रं इंटरनेटवरून काढायला ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवाही आहे. चित्र आपल्याच फोनमध्ये राहतं, फक्त त्याचा डिजिटल ठसा, म्हणजे चित्रावरून बनवलेला एक कोड, त्या सेवेकडे जातो आणि सहभागी कंपन्या तो जुळवून चित्र काढून टाकतात.