अडॅप्टरचं नाव ठोकून देऊ नका
४० मशिनचा डीएनएस सर्व्हर (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा) एकदम कसा बदलायचा, यावर एकाने नेटएसएचची (विंडोजची नेटवर्क सेटिंग बदलणारी कमांड) बॅच फाइल, म्हणजे कमांड ओळीने चालवणारी फाइल, सुचवली आहे. फाइल ठीक आहे, पण त्यात अडॅप्टरचं, म्हणजे नेटवर्क कार्डाचं, नाव 'इथरनेट' असं ठोकून दिलंय, घोळ तिथेच होतो. विंडोज ७ वर तेच 'लोकल एरिया कनेक्शन' असतं, कार्ड बदललेल्या मशिनवर 'इथरनेट २'. मी एकदा अशीच फाइल सगळीकडे चालवली. नाव जुळलं नाही तिथे काळ्या खिडकीत एरर चमकून गेली, खिडकी बंद, आणि मी काम फत्ते समजून चहाला! जुना डीएनएस सर्व्हर बंद केल्यावर अकाउंट्सच्या मॅडमचा फोन: "अहो, नेट गेलंय."

आता पॉवरशेलमध्ये (विंडोजचं कमांड चालवायचं नवं साधन) गेट-नेटअडॅप्टर या कमांडने चालू असलेलं फिजिकल कार्ड शोधतो आणि त्याचा इंडेक्स (क्रमांक) डीएनएस बदलणाऱ्या पुढच्या कमांडला देतो. नावाची भानगडच नाही. विंडोज ७ वर मात्र ही सोय नाही, तिथे नेटएसएचच. आपल्या जागेवरून चालवायचं तर विनआरएम (दुसऱ्या मशिनवर दुरून कमांड चालवू देणारी विंडोजची सोय) लागतं, ते विंडोज १० वर मुळात बंद असतं.

दुरून आयपी (मशिनचा नेटवर्कवरचा पत्ता) किंवा गेटवे (बाहेरच्या नेटवर्कची वाट) बदलणार असाल तर जास्त जपून, कारण ज्या फांदीवर बसलोय तीच तोडतोय. आधी नेटएसएच डंप (सध्याच्या सेटिंगची फाइल) घ्या आणि १० मिनिटांनी तो परत लावणारं शेड्यूल्ड टास्क (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) टाका. जमलं तर टास्क उडवा, नाही जमलं तर मशिन आपोआप पूर्वपदावर.

बाकी, ४० मशिनना स्टॅटिक (हाताने कायमचा भरलेला) आयपी कशाला? डीएचसीपी सर्व्हरवर (मशिनना आयपी वगैरे सेटिंग आपोआप देणारा) ऑप्शन ६, म्हणजे डीएनएसचा पत्ता, बदलला असता तर बॅच फाइलच लागली नसती.